‘पर्यंत’चा रिकामा रकाना

सोमवार, ३

नवं सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या संगणकबाई म्हणाल्या, रोज काय केलं ते थोडक्यात लिहून ठेवत जा काका, म्हणजे पुढे काही अडलं तर मागचं सापडतं. म्हणून ही डायरी काढली. मालक दर वर्षी एक देतात आणि दर वर्षी माझी बायको तिच्यात दुधवाल्याचे खाडे लिहायची. ती गेली त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासूनच्या डायऱ्या कोऱ्या पडून आहेत. थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही, हे पहिल्याच पानावर दिसतंय.

तर काम असं. आमची कंपनी चाकं बनवते. गाड्यांची मोठी नव्हेत, लहान; ढकलायच्या खाटांना, ट्रॉल्यांना, फिरत्या कपाटांना खाली लागतात ती. आमची चाकं साता समुद्रापार फिरतात आणि मी हिशेबनीस म्हणून इतकी वर्षं एकाच खुर्चीत. त्या खुर्चीलाही चाकं नाहीत. आता नवं सॉफ्टवेअर आलंय. परदेशी गिऱ्हाइकाला भाव कळवताना आपल्या चलनातली किंमत त्याच्या चलनात करावी लागते, ते आजवर मी कॅल्क्युलेटरवर करत आलो. यापुढे सॉफ्टवेअर करणार. पण त्याला आधी सगळं शिकवायला हवं: मूळ चलन कुठलं, परकं कुठलं, दर कोणत्या दिवसाचा धरायचा, दशांशानंतर किती आकडे ठेवायचे. हे रकाने भरायचं काम धाकट्या मालकांनी माझ्या गळ्यात मारलं. “काका, जाता जाता एवढं मार्गी लावा,” म्हणाले. महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय.

कालच्या फोनमुळेही लिहावंसं वाटतंय. बिट्टी, आमची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन परदेशात असते. दर रविवारी फोन करते. फोनवर बोलणं हे खातं पूर्वीपासून बायकोकडे होतं. मायलेकी तास तास बोलायच्या, सगळ्यात शेवटी फोन माझ्या कानाला लागायचा. मी विचारायचो, “बरी आहेस ना?” ती म्हणायची, “हो बाबा.” की झालं. आता सगळाच्या सगळा फोन माझ्या वाट्याला येतो आणि मला अजून तेवढंच येतं.

काल ती म्हणाली, “बाबा, आम्ही घर बदलतोय. दोन बघून ठेवलीत. एकाला खालच्या मजल्यावर एक जादा खोली आहे. तुम्ही कायमचे येणार असाल तर ते घेऊ. महिनाअखेरीला सही करायचीय, तोवर सांगा.”

मी म्हणालो, “बघू.”

मग मी विचारलं, “बरी आहेस ना?”

ती कर्तव्य म्हणून विचारते हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. बाप एकटा पडलाय, निवृत्त होतोय, चांगल्या वळणाची मुलगी विचारणारच. आपण हो म्हणून मोकळं व्हायचं आणि जन्माचा पाहुणा होऊन बसायचं, हे मला पटत नाही.

बुधवार, ५

सरावासाठी सॉफ्टवेअरची एक वेगळी प्रत दिली आहे. तिच्यात एक खोटं परदेशी गिऱ्हाईक उघडायचं, त्याला कोटेशनं करायची, आकडे नीट बदलतात का बघायचं. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि ईमेल भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. परदेशातला पत्ता आणि ईमेल मला एकच पाठ आहे. तोच घातला.

“चालेल ना?” मी विचारलं.

संगणकबाई बिस्किट चहात बुडवत होत्या. “काहीही घाला काका. सरावाच्या प्रतीतून बाहेर कागदाचा कपटासुद्धा जात नाही.”

ही पोर माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे, पण सगळे तिला बाई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. हुशार आहे. बिस्किट कधीच चहात पडू देत नाही.

गिऱ्हाइकाचं नाव: बिट्टी. प्रकार: जुने गिऱ्हाईक. चलन: तिकडचं. पहिलं कोटेशन, चाक एम-५०, शंभर नग. आकडा बरोबर आला. कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिला. अजून त्याच्यावरच विश्वास.

गुरुवार, ६

आज फजिती. दराच्या तक्त्यात प्रत्येक दराला दोन तारखा असतात, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. मी पासून घातली आणि पर्यंत तशीच सोडली, उद्याचं कोणी पाहिलंय म्हणून. आज सकाळी नवा दर घातला, तर सगळी कोटेशनं हटून बसल्यासारखी जुन्याच दराने. तासभर डोकं खाजवलं. शेवटी बाईंनी येऊन एक नजर टाकली.

“काका, पर्यंतचा रकाना रिकामा ठेवलात. रिकामा ठेवला की ते कायमचं धरतं.”

“कायमचं? एवढा मोठा करार आणि त्याला एक अक्षरही लिहावं लागत नाही?”

“म्हणून तर न विसरता तारीख घालायची,” ती म्हणाली आणि माझ्या पुड्यातलं बिस्किट उचललं. फी असावी.

संध्याकाळी घरी येऊन शर्टांना इस्त्री केली. दोन खुर्च्यांपैकी एकीवर शर्ट, एकीवर मी.

शनिवार, ८

कोटेशनमध्ये ‘तपशील’ नावाचा एक लांबलचक रकाना आहे. आपल्या लिपीत लिहिलं तर अक्षरं तुटतात का, ओळ मध्येच कापली जाते का, ते तपासायचंय. बाई म्हणाल्या, “भरपूर लिहा. चार ओळी तरी.”

“काय लिहू?”

“मनात येईल ते. ते वाचणार कोण आहे?”

मी ‘टेस्ट टेस्ट टेस्ट’ लिहिलं, पण त्यात जोडाक्षरं फार नाहीत, तपासणी कसली होणार? मग मनात आलं ते लिहिलं: ‘निळा स्वेटर, १ नग. बिट्टीसाठी विणायला घेतलेला. उजवी बाही राहिली. सुया अजून त्यातच आहेत, मी काढलेल्या नाहीत, काढल्या तर टाके सुटतील. कपाट उघडलं की तोच आधी दिसतो. किंमत ठरवता येत नाही म्हणून १ लिहिली आहे.’

सगळं व्यवस्थित आलं, एकही अक्षर तुटलं नाही. कोटेशन कायम करण्याचं बटण दाबून घरी आलो. बरं वाटलं. पूर्ण झालेल्या कामाचं समाधान असावं.

रविवार, ९

विलक्षण योगायोग. बिट्टीचा फोन नेहमीपेक्षा उशिरा आला, आवाज बसलेला. सर्दी असेल. म्हणाली, “बाबा, आईने माझ्यासाठी निळा स्वेटर घेतला होता विणायला. आहे का हो अजून?”

मी चाटच पडलो. “आहे की. कपाटात आहे.”

“सुया काढू नका हं,” ती म्हणाली.

रक्ताच्या नात्यात असं होतं म्हणतात. बायकोलाही बिट्टीचा फोन वाजायच्या आधी कळायचा. मी मात्र कधी मानत नव्हतो.

मंगळवार, ११

आजचं काम फार नाजूक. एका चलनातून दुसऱ्यात नेताना शेवटचा एक कण कुठेतरी सांडतोच. उलट फिरवलं तर मूळ आकडा तंतोतंत परत मिळत नाही. पूर्वी मी तो फरक वहीच्या समासात दाबून टाकायचो. सॉफ्टवेअर तसं करू देत नाही. म्हणतं, या हरवलेल्यासाठी एक खातं नेमा. नेमलं. प्रामाणिक आहे बिचारं.

तपशिलाच्या रकान्याची आता सवय लागली आहे. दशांश तपासताना लिहिलं: ‘चहा, अर्धा कप. रोज दोन कपांचं पाणी ठेवतो, हाताची सवय. दुसरा कप नंतर गार पितो. टाकून देणं जिवावर येतं.’ अर्धा नग चालतो. दशांशाची चाचणी पास.

शुक्रवार, १४

सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे. मी काढली. इतके दिवस बाई माझ्या चुका काढत होत्या, आता आमचीही वेळ आली.

आम्ही असं ठरवलंय की गिऱ्हाइकाने कोटेशन स्वीकारेपर्यंत दर रोजच्या रोज बदलत राहावा आणि स्वीकारलं की त्या क्षणाचा दर गोठावा. मग जग इकडचं तिकडे झालं तरी तो हलायचा नाही. रास्त आहे. पण माझ्या सरावाच्या कोटेशनांवर रात्र उलटली की दर आपोआप गोठतो. सकाळी बघावं तर ओळ हिरवी, पुढे ‘स्वीकृत’. स्वेटर स्वीकृत. अर्धा कप चहा स्वीकृत. परवा नुसतंच ‘आज भाजीत मीठ दोनदा पडलं, तक्रार करायला कोणी नाही’ असं लिहिलं होतं, तेही स्वीकृत!

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, “असं होणारच नाही काका. स्वीकार फक्त ग्राहक करू शकतो.”

“अहो, ग्राहकच खोटा आहे! स्वीकारणार कोण?”

“तुमचाच हात लागत असेल कुठेतरी.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण लक्ष ठेवून आहे.

रविवार, १६

आज फोन लांबला. बिट्टीने विचारलं, चहा किती करता, मीठ नीट पडतं का, गार चहा कशाला पिता. गार चहाचं हिला कोणी सांगितलं? तिच्या आईने पूर्वी चुगली केली असणार. मी बरंच बोललो आज. सॉफ्टवेअरच्या खोटीबद्दल सविस्तर सांगितलं, रोज सकाळी सगळं स्वीकारलेलं दिसतं म्हणून. ती खूप हसली. मग म्हणाली, “चांगलं सॉफ्टवेअर आहे बाबा. राहू द्या तसंच.”

हिला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही.

शेवटी तिने धंद्याचंही विचारलं. “तुमच्याकडे अगदी लहान चाकं मिळतात का हो? मऊ, आवाज न करणारी, ब्रेक असलेली?”

“एल-३५,” मी ताबडतोब सांगितलं. चाकं मी नंबरावरून ओळखतो, ती कशाला बसतात ते बघायला कारखान्यात कधी गेलो नाही. “पण शंभराच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. कोणाला हवीत?”

“आहे एक जण,” ती म्हणाली. “घाई नाही. अजून वेळ आहे.”

कोण ओळखीचा व्यापारी असावा. घराचं तिने विचारलं नाही. मीही काढलं नाही. पण महिना निम्मा सरला आणि माझा जीव टांगणीला लागलाय हे खरं.

बुधवार, १९

आज धाकट्या मालकांनी निरोप समारंभाचा विषय काढला. भाषण नको म्हणालो. पॅकिंगच्या अक्का तिथेच होत्या, त्या म्हणाल्या, “मग काय करणार हो घरी बसून? भिंतींशी बोलणार?” अक्का आमच्या कंपनीतल्या सगळ्यात जुन्या, चाकं मोजून खोक्यात भरतात आणि माणसांना शब्दांनी सोलून काढतात. मी हसलो, पण ते लागलं.

दुपारी तपशिलाची शेवटची चाचणी होती, रकाना काठोकाठ भरायची. काही सुचेना. मग सरळ लिहिलं, जे कोणाशी बोललो नाही ते:

‘मला जायचं आहे. खालच्या मजल्यावरची खोली कशी असेल, खिडकी कुठे असेल, हे मी रोज मनात मांडतो. पण बिट्टी कर्तव्य म्हणून विचारते आहे. तिच्या आईला ती मनापासून बोलावत असे, तेव्हा आवाज वेगळा असायचा. मी गेलो तर दोघांना माझ्याभोवती दबकून वावरावं लागेल. ओझं व्हायची भीती वाटते. आणि न गेलो तर उरलेले सगळे रविवार मी फोनची वाट बघणार आणि फोन आला की बरी आहेस ना एवढंच विचारणार. म्हणून बघू म्हणालो.’

शेवटचा शब्द बसला आणि रकाना भरला. बटण दाबलं. डोळे पुसले. खिडकीतून रबराचा धूर येतो.

गुरुवार, २०

तेही स्वीकृत. पहाटेच.

रविवार, २३

बिट्टी आज धड बोलेचना. मी विचारलं, “बरी आहेस ना?” तर चक्क रडायला लागली. जावयाशी भांडण झालं का विचारलं, तर म्हणाली, “नाही हो, तो बिचारा शेजारी बसून माझे पाय दाबतोय.” पाय का दाबतोय? दमत असेल नोकरीत.

मग म्हणाली, “बाबा, एक सांगू? मला कर्तव्य-बिर्तव्य जमत नाही. शाळेत असल्यापासून जमत नाही. तुम्हाला माहितेय.”

खरं आहे, तिने घरचा अभ्यास कधी वेळेवर केला नाही. पण हे आत्ता कुठून निघालं?

“घराचं मी आता विचारणार नाही,” ती म्हणाली. “महिनाअखेरपर्यंत वाट बघते. तुमचं तुम्ही सांगा, तुम्हाला जमेल तसं.”

फोन ठेवल्यावर वाटलं, ती पण ‘बघू’ला कंटाळली.

मंगळवार, २५

कसं लिहू?

सोमवारपासून खरं काम नव्या सॉफ्टवेअरवर सुरू होणार, म्हणून बाई सरावाची कोटेशनं पुसायला बसल्या. इतर सगळी पुसली गेली, बिट्टीची एकही पुसेना. स्वीकारलेलं कोटेशन रद्द करता येत नाही, असा आमचाच नियम. मी म्हणालो, “बघा, मी सांगत नव्हतो? खोट आहे म्हणून?”

बाईंनी एका ओळीचा मागचा सगळा प्रवास उघडला. वाचता वाचता हातातलं बिस्किट चहात पडलं.

“काका, हा ईमेल खरा आहे?”

“माझ्या मुलीचा आहे. का?”

“सराव-प्रतीतून मेल जायला नको होते. सेटिंग बंद करायचं माझ्याकडून राहिलं. हे जात होते, काका. पहिल्या दिवसापासून, सगळेच्या सगळे. मेलमध्ये दोन बटणं असतात, ‘स्वीकारा’ आणि ‘बदल सुचवा’. तिने प्रत्येक वेळी स्वीकारा दाबलंय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, सारखी सॉरी काका, सॉरी काका. मीच तिची समजूत घातली आणि तिला नवा चहा आणून दिला. मग संडासात जाऊन दार लावून बसलो.

बुधवार, २६

कामावर गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं सांगून रजा घेतली.

स्वेटर. गार चहा. मीठ. आणि ते एकोणीस तारखेचं. माणसाने आपल्या मुलीसमोर इतकं उघडं पडावं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी तर दिवसाढवळ्या चोरी करून वर पावती पाठवत होतो.

दुपारी कपाट उघडून स्वेटर मांडीवर घेऊन बसलो. मग थोडं शांतपणे आठवलं. बाईंनी दाखवलेल्या वेळा तिकडच्या भल्या सकाळच्या होत्या. म्हणजे उठल्या उठल्या ती बघत असणार. आणि रविवारी काय काय म्हणाली ती! ‘सुया काढू नका’. ‘चांगलं सॉफ्टवेअर आहे, राहू द्या तसंच’. ‘कर्तव्य जमत नाही’. मी आपला योगायोग आणि रक्ताचं नातं करत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

माझी लाज वाटली असती तर तिने पहिल्याच मेलला फोन केला असता. केला नाही. रोज सकाळी एक बटण दाबत राहिली.

शुक्रवार, २८

बाई म्हणाल्या, “काका, आता मेल बंद करते.”

“एक दिवस राहू दे,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, आपला चहाचा कप उचलून शेजारच्या टेबलावर गेली. पाठ करून बसली. शहाणी मुलगी आहे.

फोनवर मला हे आयुष्यात जमलं नसतं. रकाने समोर असले की जमतं. कोटेशन केलं:

‘माल: बाप, १ नग. अवस्था: जुना, एकाच घरात वापरलेला. तपशील: पहाटे उठतो. रेडिओ मोठ्याने लावतो, सांगितलं तर कमी करतो. चहा बरा करतो. भाजीत मीठ जास्त. फोनवर बोलता येत नाही, समोर बसवलं तर कदाचित येईल. सुटे भाग मिळत नाहीत. पसंत न पडल्यास परत पाठवावा, खर्च विक्रेत्याचा. सोबत निळा स्वेटर, सुयांसह.’

किंमत शून्य. शून्याला कुठलाही दर लावा, तिकडे तेवढंच होतं. सांडायलाही काही नाही. ‘पासून’मध्ये पुढच्या महिन्याची पंधरा तारीख. ‘पर्यंत’पाशी मात्र अडलो. रिकामा सोडायचा धीर झाला नाही. तीन महिन्यांनंतरची तारीख घातली. जमलं तर जमलं, नाहीतर तिलाही सुटका असावी. बटण दाबलं.

घरी आलो. जेवण गेलं नाही.

शनिवार, २९

शेवटचा दिवस.

खुर्चीत बसायच्या आधी संगणक उघडला. ओळ हिरवी नव्हती. पिवळी होती. ‘स्वीकृत’ नव्हतं. पिवळं मी आजवर बघितलंच नव्हतं. बाई मागे येऊन उभ्या होत्या. “बदल सुचवलाय काका,” त्या हळूच म्हणाल्या. “उघडा ना.”

उघडलं. माल तोच. तपशिलाला हात लावलेला नव्हता. पासूनची तारीख तीच. पर्यंतमधली मी घातलेली तारीख तिने खोडली होती आणि काही लिहिलं नव्हतं.

खाली एक नवी ओळ घातली होती: चाक एल-३५, ४ नग.

बदलाचं कारण लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही, म्हणून तिने लिहिलं होतं: ‘मेल येतात असं सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबला असतात. घराची सही आज करते, जादा खोलीच्या. खिडकी पूर्वेला आहे. चाकं येताना बरोबर आणा, शंभर नकोत, चारच.’

मला काही दिसेना. बाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, “आता तुमच्या बाजूने स्वीकारा दाबायचं, काका. दाबलं की गोठतं.”

दाबलं.

मग एल-३५ आणायला खाली पॅकिंगमध्ये गेलो. या कंपनीतली पायरी उतरून तिकडे मी किती वेळा गेलो असेन, बोटांवर मोजण्याइतक्या. अक्कांना म्हणालो, “एल-३५ चार नग द्या. मुलीकडे न्यायचेत. कशाला हवेत कोण जाणे, टीपॉयला लावणार असेल.”

अक्कांनी खोक्यातून चार चाकं काढली. तळहातावर मावतील एवढी, मऊ, पांढरी. एक फरशीवर फिरवून दाखवलं. जराही आवाज झाला नाही. मग माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी मान खाली घातली.

“अहो साहेब,” त्या म्हणाल्या, “जन्मभर या चाकांचे हिशेब लिहिलेत, आणि ही कुठे बसतात ते ठाऊक नाही? ही पाळण्याची. दुसरीकडे कुठे बसतच नाहीत.”

मी तिथल्या एका खोक्यावर बसलो. घाई नाही, अजून वेळ आहे. पाय दाबतोय. मला कसं कळलं नाही, हे आता विचारण्यात अर्थ नाही. तिने सांगितलं का नाही, ते मात्र बसल्या बसल्या कळलं. सांगितलं असतं तर मी तडक निघालो असतो, नातवंडासाठी, कर्तव्य म्हणून. तिला मी आधी तिच्यासाठी यायला हवा होतो. दोघं बापलेक एकाच भीतीने गप्प बसलो होतो. तिच्या आईने दोघांचेही कान उपटले असते.

अक्कांनी चाकं कागदात गुंडाळून दिली. मी म्हणालो, “आणखी चार द्या. एखादं निखळलं तर?”

“निखळत नाहीत आपली,” त्या म्हणाल्या आणि दिली.

समारंभात भाषण नको म्हणालो होतो, तरी मी बोललो बरंच. काय बोललो आठवत नाही, धाकटे मालक हसत होते आणि बाई बिस्किटं वाटत होत्या. घरी येऊन पिशवीत आधी स्वेटर ठेवला, सुया वरच्या बाजूला, मग चाकं.

उद्या बिट्टीचा फोन येईल. बरी आहेस ना हे विचारेनच, पण यावेळी उत्तर नीट ऐकून घेईन. सोमवारी तिकीट काढायला जायचं. खिडकीतला माणूस जायची तारीख विचारेल, मग परतीची विचारेल. ती जागा मी रिकामी ठेवणार आहे.